पहिल्यांदा हात बांधून पाहताना : आधी काय ठरवावे, काय वापरावे, काय टाळावे?

सांजवारा (धागाकर्ती) :

आम्ही दोघे चाळिशीच्या अलीकडचे, पुण्यात राहणारे जोडपे आहोत. आमच्यात हल्ली बरेच मोकळेपणाने बोलणे होऊ लागले आहे आणि त्यातून असे पुढे आले की, शरीरसुखाच्या वेळी एकाने दुसऱ्याचे हात बांधावेत आणि बांधलेल्याने काही काळ सगळे दुसऱ्याच्या हाती सोपवावे, या कल्पनेची ओढ दोघांनाही आहे. नवऱ्याला मात्र आपल्या हातून मला इजा होईल अशी भीती वाटते आणि ती मला रास्त वाटते. या विषयावरची चित्रे आंतरजालावर पुष्कळ सापडतात, पण दोरी कुठे बांधावी, किती वेळ ठेवावी, हात बधिर झाला तर काय करावे, हे आपल्या भाषेत समजावून सांगणारे काही हाती लागत नाही.

घरात माझ्या ओढण्या आहेत, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आहे आणि ऑनलाइन दुकानांत केसाळ आवरणाच्या धातूच्या बेड्या स्वस्तात मिळताना दिसतात. यांतले काय चालेल? ‘थांब’ म्हटले की थांबायचे, एवढे ठरवणे पुरेसे आहे का? ज्यांना अनुभव आहे किंवा शरीरशास्त्राची माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. रसभरित वर्णने नकोत, माहिती हवी आहे.

कातळवाट :

साहित्यापुरते मी लिहू शकतो, कारण गिर्यारोहणामुळे दोर आणि गाठी यांच्याशी माझा जुना संबंध आहे आणि आम्ही नवरा-बायको गेली काही वर्षे हे करत आलो आहोत. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही वस्तू बाजूला ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओढणी हातात घेतल्यावर रुंद आणि मऊ वाटते, पण तिच्यावर ताण आला की ती पिळली जाऊन सुतळीएवढी बारीक होते आणि तो सगळा दाब मनगटाच्या एका रेषेवर येतो. त्यातही जॉर्जेट किंवा रेशमी ओढणीची गाठ ताणाने अशी आवळली जाते की तिची निरगाठ होऊन बसते; घाईच्या वेळी ती नखांनी सुटत नाही. नायलॉनची दोरी गुळगुळीत असल्यामुळे तिच्या गाठी सरकतात आणि ती कातडीवरून वेगाने ओढली गेली तर चटका बसतो. स्वस्त बेड्यांची कड अरुंद असते, हाडावर नेमकी रुतते, आणि ज्या बेड्यांना दुहेरी कुलूप नसते त्या हालचालीबरोबर एकेक दात पुढे सरकून आणखी घट्ट होतात. वरचे केसाळ आवरण हे थांबवू शकत नाही. शिवाय किल्ली हरवली किंवा अडकली तर रात्री दोन वाजता तुम्ही कोणाला बोलावणार?

पहिल्या वेळी वेलक्रोचे रुंद, आतून अस्तर लावलेले पट्टे घ्यावेत. ते एका हाताने, एका क्षणात निघतात. दोरीच वापरायची असेल तर ६ मिलिमीटर जाडीची, मऊ विणीची सुती दोरी घ्यावी; ७-८ मीटर लांबी पुरते. जपानी पद्धतीने बांधणारे लोक तागाची दोरी वापरतात, पण ती नीट तयार करून घ्यावी लागते आणि नवशिक्याला तिची गरज नाही. गिर्यारोहणाचा जाड दोर तर मुळीच नको. तो ताठ असतो आणि मनगटाभोवती नीट बसत नाही.

आता बांधणे. दोरी मधोमध दुमडावी, म्हणजे दोन पदर मिळतात. हे दोन्ही पदर मनगटाच्या हाडाच्या थोडे वर, कोपराच्या दिशेला, एकमेकांवर न चढवता शेजारी-शेजारी दोनदा गुंडाळावेत, म्हणजे चार पदरांचा सपाट पट्टा तयार होतो. मग दुमडलेले टोक सगळ्या पदरांखालून काढून घ्यावे आणि दुसऱ्या टोकांशी चपटी गाठ मारावी. पहिला वेढा उजवा पदर डाव्यावर घेऊन, तर दुसरा डावा पदर उजव्यावर घेऊन. दोन्ही वेढे एकाच बाजूने घातले तर गाठ तिरकी बसते आणि सरकते. पदर आणि कातडी यांच्यामध्ये आपली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. नंतर दोरीचे मोकळे टोक जोरात ओढून पाहावे. ओढल्यावर वेढा आवळला जात असेल तर तो फास आहे. सगळे सोडून पुन्हा बांधावे. हा सराव आधी स्वतःच्या मांडीवर आणि मग जोडीदाराच्या हातावर, दिवसाउजेडी, कपडे घालून करावा. बांधण्यापेक्षा सोडण्याचा सराव जास्त करावा.

आणखी एक वस्तू आजच आणून ठेवावी : बोथट टोकाची बँडेज कापायची कात्री. सर्जिकल सामानाच्या दुकानात ती सहज मिळते. आणल्यावर तुमच्या दोरीचा एक तुकडा कापून पाहावा, कारण काही कात्र्या गॉझ कापतात पण दोरीवर घसरतात. कात्री उशाशी, दोघांना माहीत असलेल्या एकाच जागी ठेवावी. दोरी कापावी लागली तर दोरीचा विचार करू नये.

मनगटी :

कातळवाट यांनी साहित्य चांगले समजावले आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर दोरीआधी मज्जातंतू येतात. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज असा की धोका म्हणजे रक्तपुरवठा थांबणे. रक्ताची अडचण दिसते : हात निळसर पडतो, गार होतो, जड वाटतो, आणि सोडल्यावर काही मिनिटांत पूर्ववत होतो. मज्जातंतूवरचा दाब मात्र हाताच्या रंगावरून ओळखता येत नाही. हात गुलाबी, उबदार असतानाही मज्जातंतू चेपला जात असू शकतो आणि त्याची खूण म्हणजे एका ठरावीक पट्ट्यात येणाऱ्या मुंग्या, बधिरपणा, विजेसारखी चमक किंवा एखाद्या हालचालीतला अशक्तपणा. कधी कधी दुखतही नाही, आणि म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात.

जागा लक्षात ठेवाव्यात. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, हाडावरून, कातडीच्या अगदी जवळून एक संवेदनेचा तंतू जातो. घट्ट बेड्या किंवा अगदी घड्याळाचा आवळलेला पट्टा यांनीही तो चेपतो आणि अंगठ्यामागची कातडी बधिर होते. मनगटाच्या आतल्या बाजूने, जिथे घड्या दिसतात तिथून, मधला तंतू जातो. त्या घड्यांवर दोरी नको. कोपराच्या आतल्या हाडामागे, जिथे ठोकर लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथे तर काहीच नको. दंडाच्या मागच्या-बाहेरच्या बाजूने हाडाला चिकटून रेडियल तंतू जातो. तिथे दीर्घकाळ दाब राहिला तर मनगट वर उचलता येईनासे होते, पंजा लोंबतो. दारूच्या नशेत खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलेल्या माणसांना हेच होते. पायात गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला जे लहानसे हाड हाताला लागते त्याच्या मानेला वळसा घालून एक तंतू जातो. तो चेपला तर पाऊल लोंबते. म्हणून पहिल्या वेळी पाय बांधूच नयेत, आणि दंडावर, छातीवर दोर घेण्याचे प्रकार तर प्रत्यक्ष शिकल्याशिवाय करू नयेत.

तपासणी सोपी आहे. बांधण्याआधी जोडीदाराने मनगट वर उचलावे, बोटे फाकवावीत, अंगठा आणि तर्जनी यांचे गोल कडे करून ते तुम्हाला ओढून सोडवू देऊ नये. एवढ्याने तीन मुख्य तंतूंची ताकद कळते. बांधल्यावर दर काही मिनिटांनी हेच पुन्हा करून पाहावे आणि अंगठ्यामागच्या व करंगळीच्या कातडीवर बोट फिरवून स्पर्श सारखाच जाणवतो का, हे विचारावे. काहीही कमी वाटले तर सैल करत बसू नये, सोडावे. हलका दाब बसलेला तंतू बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत सावरतो. आतला धागाच तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या वेगाने वाढतो. दंडापासून पंजापर्यंतचे अंतर मोजून पाहा, म्हणजे किती महिन्यांचा प्रश्न आहे ते कळेल.

हात शरीराच्या पुढे, पोटापाशी बांधावेत. डोक्याच्या वर ताणून ठेवल्यास खांद्यापाशी तंतूंचा जुडगा ताणला जातो. पाठीमागे हात बांधून पालथे झोपवणे तर सर्वांत वाईट, कारण छातीवर भार येतो, श्वास घेणे कठीण होते आणि बांधलेल्या माणसाला वळताही येत नाही. गळ्याभोवती काहीही, कितीही सैल, कधीही नको. मानेतल्या रक्तवाहिन्यांवर दाब आला तर काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते आणि तिथे ‘सुरक्षित पद्धत’ म्हणून काही नसते. पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.

केवड्याचं_पान :

सांजवारा ताई, दोरीविषयी वरच्या दोघांनी लिहिले आहेच. मला संमतीविषयी लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे अडचण बहुतेकदा तिथेच असते. बायकोने ‘चालेल’ म्हणणे आणि तिला ते हवे असणे यांत किती अंतर असते, हे आपल्याला माहीत आहे. ‘चालेल’ हा शब्द आपण सासरच्या पाहुण्यांपासून सुट्टीच्या बेतापर्यंत सगळीकडे वापरतो. या बाबतीत तो पुरेसा मानू नये. काय हवे, काय नको आणि कशाबद्दल अजून ठरत नाही, हे दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहून मग एकमेकांना दाखवावे. बोलणे अंथरुणात नको, चहा घेताना व्हावे. त्या क्षणाच्या भरात कोणी नवीन काही सुचवले तर त्या दिवशी त्याला नकारच द्यायचा, हे आधीच ठरवावे. ज्याचे हात बांधलेले आहेत त्याच्याकडून नवीन गोष्टीची मंजुरी घेणे मला तरी न्याय्य वाटत नाही.

‘थांब’ हा शब्द पुरतो का, असे तुम्ही विचारले आहे. काही जोडप्यांना खेळात ‘नको, थांब’ म्हणायला आवडते, आणि मग खरे कोणते ते कळत नाही. सिग्नलचे रंग सर्वांना पाठ असतात : ‘पिवळा’ म्हणजे हळू घे, विचार, काहीतरी बदल, ‘लाल’ म्हणजे सगळे थांबव आणि सोड. ‘लाल’ म्हटल्यावर कारण विचारायचे नाही, आधी सोडायचे. तुम्हाला ‘थांब’ खेळात म्हणायचेच नसेल तर ‘थांब’ म्हणजेही थांबणे. नवऱ्यालाही ‘लाल’ म्हणण्याचा अधिकार असतो, हे विसरू नका. ज्याला भीती वाटते आहे त्याने तो आधी वापरला तरी त्यात कमीपणा नाही.

माझी एक आग्रहाची सूचना : पहिल्यांदा नवऱ्याने आपले हात बांधून घ्यावेत. नाक खाजवता न येणे, तोल सावरता न येणे, पाणी मागावे लागणे, हे त्याला स्वतःच्या अंगावर कळले की तो बांधताना वेगळा वागेल.

दक्षिणद्वार :

कोणाला दुखवायचे नाही, पण मनात आले ते विचारतो. जोडीदाराला बांधावेसे वाटणे हे निरोगी मनाचे लक्षण आहे का? आपल्या पुरुषप्रधान घरांत बाईला आधीच पुष्कळ बांधलेले असताना हे हौसेने करणे मला अस्वस्थ करते.

समुपदेशक_सातारा :

दक्षिणद्वार, प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा. वैद्यकीय बाजू अशी की अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या पाचव्या आवृत्तीच्या निदानपुस्तिकेत वेगळी आवड आणि विकार यांत फरक केला आहे : त्या आवडीमुळे माणसाला स्वतःला लक्षणीय त्रास होत असेल, कामकाज बिघडत असेल किंवा संमती नसलेल्या कोणाला इजा होत असेल, तरच तो विकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तीत संमतीने चालणाऱ्या अशा आवडींना आजारांच्या यादीतून वगळले आहे.

तुमची दुसरी शंका मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्या घरात बायको एरवी ‘नाही’ म्हणू शकत नाही, पैशाचा किंवा माहेरी जाण्याचा निर्णय घेऊ शकत नाही, तिथे तिने बांधून घेण्याला दिलेल्या होकारावर मी विसंबणार नाही. अशा जोडप्याला मी हे करू नका असेच सांगेन. धागाकर्तीच्या लिहिण्यात मात्र मला दोघांचा विचार दिसतो आहे. प्रश्न तिने स्वतः विचारला आहे आणि भीती नवऱ्याला वाटते आहे.

इजेची काळजी ही काही आजची नाही. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणाच्या सातव्या अध्यायात, प्रणयातील आघातांची चर्चा करताना, वात्स्यायनाने थेट अपघातांची नोंद केली आहे. चोल राजाच्या हातून चित्रसेना नावाची गणिका मरण पावली, आणि कुंतल शातकर्णी सातवाहनाच्या हातून त्याची पट्टराणी मलयवती मरण पावली, असे तो सांगतो. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे घराणे. त्या भरात माणसाला आपल्या जोराचा अंदाज राहत नाही, आवेगात धावणाऱ्या घोड्याला खड्डे दिसत नाहीत, हे त्याने त्याच अध्यायात म्हटले आहे. म्हणूनच मर्यादा आधी, शांत डोक्याने ठरवायच्या.

एक गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही, ती म्हणजे नंतरचा वेळ. सोडल्यावर बांधलेल्या व्यक्तीला एकदम थंडी वाजणे, रडू येणे किंवा नुसतेच गप्प व्हावेसे वाटणे हे होऊ शकते आणि त्याचा अर्थ काहीतरी बिघडले असाच होत नाही. बांधणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी अपराधी वाटू शकते. पांघरूण, पाणी, काहीतरी गोड खाणे आणि जवळ बसून राहणे यासाठी वेळ राखून ठेवावा. लगेच फोन बघायला किंवा भांडी आवरायला उठू नये. काय आवडले आणि काय नाही, याचे बोलणे दुसऱ्या दिवशी करावे.

ओटीवरून :

कायद्याचे थोडक्यात. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम २५ नुसार १८ वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीने केलेले आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू नसलेले, तशी शक्यता माहीतही नसलेले कृत्य त्या इजेमुळे गुन्हा ठरत नाही. संमती नसेल तर लग्न झालेले असल्याने सगळे माफ होते, असे कोणी समजू नये. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश आहे. परदेशातील वाचकांनी आपापल्या देशाचा कायदा पाहावा. ब्रिटनमध्ये १९९३ च्या ‘आर विरुद्ध ब्राऊन’ या निकालापासून शारीरिक इजा झाली तर संमती हा बचाव सामान्यतः चालत नाही.

फोटो काढू नका. काढायचेच असतील तर कोणाच्या फोनमध्ये राहतील आणि कधी पुसले जातील, हे आधी ठरवा. फोटोला दिलेली संमती ही तो पाठवण्याला दिलेली संमती नसते, असे कायदाही मानतो.

सांजवारा :

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोघांनी मिळून धागा वाचला आणि नवऱ्याने पहिल्यांदा आपले हात बांधून घ्यायचे मान्य केले आहे. वेलक्रोचे पट्टे मागवले आहेत. तीन शंका उरल्या आहेत. आम्ही सासू-सासऱ्यांबरोबर राहतो, त्यामुळे मोठ्याने बोलता येत नाही. मग रंग कसे सांगायचे? तोंडात काही घातलेले चालते का? आणि नवऱ्याचा उजवा खांदा मागच्या वर्षी आखडला होता, शिवाय त्याला मधुमेह आहे. त्याने फरक पडतो का?

केवड्याचं_पान :

एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांनी आवाजाऐवजी स्पर्श ठरवावा. बांधणाऱ्याने मधूनमधून हात दोनदा दाबायचा आणि बांधलेल्याने दोनदा दाबून उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही तर ते ‘लाल’ समजायचे. शिवाय मुठीत घुंगरू किंवा किल्ल्यांचा जुडगा धरून ठेवावा, सोडला की आवाज होतो. तो गादीवर पडला तर ऐकू येत नाही, म्हणून हात पलंगाच्या कडेशी असावा आणि खाली उघडी फरशी असावी. पहिल्या काही वेळा तोंडात काही घालू नये. बोलता येणे हीच तुमची मुख्य सोय आहे, आणि उलटी झाली तर गुदमरण्याचा धोका असतो. बांधलेल्या माणसाला खोलीत एकटे सोडून पाणी आणायलाही जाऊ नये. पाणी आधीच आणून ठेवावे. दाराला आतून कडी असावी, पण दोघांपैकी मोकळ्या असलेल्याला ती अंधारात काढता यावी. त्या दिवशी दोघांनीही दारू घेऊ नये.

मनगटी :

शेवटच्या शंकेचे उत्तर मी देतो आणि ते गांभीर्याने घ्यावे. मधुमेह जुना असेल तर हातापायांच्या टोकांची संवेदना मंदावलेली असू शकते, म्हणजे ज्या मुंग्यांवर आपण इशारा म्हणून विसंबतो त्या उशिरा येतील किंवा येणारच नाहीत. आधीच दाबाला नाजूक झालेले तंतू लवकर दुखावतात. म्हणून नवऱ्याच्या बाबतीत पट्टे आणखी सैल ठेवावेत, वेळ पाच मिनिटांवर आणावा आणि तो ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणाला तरी मनगट उचलण्याची व बोटे फाकवण्याची तपासणी तुम्ही स्वतः करावी. त्याला आधीच बोटांत बधिरपणा असेल तर त्याने बांधून घेऊ नये. एका हाताने पलंगाची दांडी धरून ठेवायची आणि सोडायची नाही, एवढ्या नियमानेही तो अनुभव बराचसा मिळतो. आखडलेला खांदा असेल तर हात पाठीमागे किंवा वर नेणे वर्ज्य; पोटापाशी, कोपर वाकवून, खाली उशीचा आधार देऊन ठेवावेत. रक्तातली साखर उतरवणारी औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणानंतरची वेळ निवडावी आणि साखर हाताशी ठेवावी, कारण घाम, थरथर आणि गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे त्या वेळी उत्तेजना समजून दुर्लक्षिली जातात.

सोडल्यावर बधिरपणा तासाभरात ओसरला नाही, किंवा मनगट अथवा बोटे उचलण्यात जोर कमी वाटला, तर दुसऱ्या दिवसापर्यंत वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. तिथे ‘झोपेत हात आखडला’ असे सांगू नये. दाब कुठे होता आणि किती वेळ होता, हे खरे सांगावे. तपासणीची दिशा त्या दोन गोष्टींवरूनच ठरते आणि डॉक्टरांना तुमच्या खासगी आयुष्याचा त्याहून अधिक तपशील लागत नाही.